स्टिअरिंगवरचा गिअर लोंबतोय

प्रश्न : आमच्याकडे वडिलांची १९७८ची प्रीमियर पद्मिनी आहे. गिअरचा दांडा ढिला होऊन खाली लोंबतो. दुसऱ्यातून तिसरा टाकताना मध्येच अडकतो. मागच्या महिन्यात खंबाटकी घाटात गाडी अशीच उभी राहिली. मेकॅनिक म्हणतो, स्टिअरिंगवरचा गिअर काढून खाली फ्लोअर गिअर बसवून घ्या. काय करावं?
— एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, फ्लोअर गिअर अजिबात बसवू नका. कुर्ल्याच्या कारखान्यातून ही गाडी स्टिअरिंगवरचा गिअर घेऊनच बाहेर पडली. तो काढलात तर वडिलांचा हात ज्या दांड्यावर बसला होता, तोच जाईल. आणि बिघाड बहुतेक गिअरबॉक्सात नाहीच, तो वाटेतल्या सांध्यांत आहे.

दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत सळया आणि लिव्हर आहेत, त्यांच्या प्रत्येक सांध्यात पिन आणि बुश, म्हणजे पिन जिच्यात फिरते ती छोटी नळी. एकेका सांध्यात अर्धा-अर्धा मिलिमीटर झीज झाली तरी सगळी मिळून दांड्याच्या टोकाला चांगली बोटभर ढिलाई होते. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना दांड्याला एक लिव्हर सोडून दुसरा पकडावा लागतो. ढिलाईमुळे तो धड सोडत नाही, धड पकडत नाही, म्हणून नेमका तिथेच अडकतो.

इंजिन बंद ठेवा, चाकांना दगड लावा. घरातल्या कुणाला तरी दांडा हळूहळू हलवायला सांगा आणि तुम्ही बॉनेट उघडून बघत राहा. दांडा हलतोय पण पुढची सळई जागची हलत नाही, असा सांधा दिसला की चोर सापडला. तिथली पिन काढा, रॉकेलने पुसा आणि तिच्यावरून नख फिरवा. झिजलेल्या जागी पायरी लागते. माझ्या गॅरेजमध्ये मी शिकाऊ पोरांना आधी हेच करायला लावतो, कारण डोळ्याला गुळगुळीत वाटणारी पिनसुद्धा नखाला खोटं सांगत नाही.

तयार पार्ट मिळाला तर उत्तमच. नाही मिळाला तर पिन आणि लिव्हर घेऊन लेथवाल्याकडे जा. आम्ही कोल्हापूरकर शिवाजी उद्यमनगर गाठतो, साताऱ्यातही चांगले खरादी असतील. पिनचं माप झिजलेल्या जागेवरून घेऊ देऊ नका. ज्या टोकाला बुश लागलेलाच नाही, तिथलं माप घ्या, मूळ जाडी तिथेच शाबूत असते. लिव्हरचं भोक लांबट झालं असेल तर ते आधी गोल करून घ्यायचं, मग त्यात गनमेटलचा (तांबं-कथलाच्या मिश्रधातूचा) बुश. नुसता बुश ठोकून दिला तर सहा महिन्यांत पुन्हा तेच. पिन बोटाने फिरली पाहिजे, पण खडखडता कामा नये. ग्रीस भरायला विसरू नका.

जोडताना गिअर न्यूट्रलला घ्या आणि सळईच्या टोकाचा चेकनट (लांबी पक्की धरून ठेवणारा नट) सैल करून लांबी जुळवा. जोर न लावता सांधा आपसूक बसला की चेकनट आवळा. इंजिनाचे रबर माउंटिंगही तेव्हाच बघा. ते दबले असतील तर इंजिन हलतं आणि सळया ओढल्या जातात.

आधी मोकळ्या मैदानात चारही गिअर आणि रिव्हर्स दहा-वीस वेळा टाकून बघा. खंबाटकी त्यानंतर.