इंडियानात दुकान आणि पागा: आधी काय, मग काय

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शहाद्याचं कृषी सेवा केंद्र भावाकडे सोपवायचं, अमेरिकेच्या उत्तर इंडियानातल्या एखाद्या छोट्या गावात पशुखाद्याचं दुकान घ्यायचं, आणि सोबत पाच एकर जमीन नि दोन घोडे. दर दत्तजयंतीला सारंगखेड्याचा घोडेबाजार गाठणाऱ्या माणसाच्या मनात हे येणारच, आणि ते होण्यासारखंही आहे. फक्त दुकान, जमीन आणि घोडा एकाच वर्षी घेऊ नका.

आधी व्हिसा. ई-२ हा गुंतवणूकदारांचा व्हिसा भारतीय नागरिकांना मिळत नाही, कारण त्यासाठी लागणारा करार भारत आणि अमेरिकेत झालेलाच नाही. एजंट ई-२ची भाषा करत असेल तर तिथूनच उठा. उरतो ईबी-५, म्हणजे गुंतवणुकीवर मिळणारं ग्रीन कार्ड: ग्रामीण भागासाठी सध्या ८ लाख डॉलर, शिवाय १० पूर्णवेळ नोकऱ्या तयार करण्याची अट. चार माणसांवर चालणारं दुकान ती अट पुरी करू शकत नाही. म्हणून ईबी-५चा पैसा रिजनल सेंटरच्या (अनेक गुंतवणूकदारांचा पैसा एकत्र करणाऱ्या सरकारमान्य संस्थेच्या) ग्रामीण प्रकल्पात आणि दुकान वेगळ्या पैशातून, असंच गणित मांडावं लागतं. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएसमध्ये, म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेत, माणशी आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरच बाहेर पाठवता येतात. पती-पत्नी दोघांनी मार्चमध्ये एकदा आणि एप्रिलमध्ये पुन्हा पाठवले तर १० लाख होतात, पण पैसा कुठून आला याचे कागद दोघांचेही चोख लागतात.

दुकान घेताना जुनी कंपनी विकत घेऊ नका. माल, यंत्रं, जागा आणि नाव घ्या. कंपनी घेतली तर तिची जुनी देणी आणि दावेही गळ्यात पडतात. घोड्यांचा खर्च दुकानाच्या वहीत टाकायचा मोह आवरा. पैदास, प्रशिक्षण किंवा शर्यतीच्या व्यवसायात ७ पैकी २ वर्षं नफा दिसला, तर कर खातं तो धंदा धरून चालतं. एरवी तो छंद नाही हे तुम्हालाच सिद्ध करावं लागतं.

आता घोडा. पहिला हिवाळा तो दुसऱ्याच्या तबेल्यात, बोर्डिंगवर ठेवा. जानेवारीत रात्री पारा उणे १५-२०पर्यंत उतरतो, आणि आपल्याकडचा अनुभव तिथे अपुरा पडतो. थंडीनेच घोडा मरतो असं नाही. न प्यायलेलं पाणी जास्त घात करतं. टाकीवर बर्फ आला की घोडा पाणी कमी पितो, सुका चारा आतड्यात अडकतो आणि पोटशूळ उठतो. दिवसाला २० ते ४० लिटर पाणी पोटात जायलाच हवं, म्हणून टाकीत हीटर हवा आणि तो चालू आहे ना हे रोज हात घालून बघायला हवं.

४५० किलोच्या घोड्याला दिवसाला वजनाच्या दोन टक्के, म्हणजे ९ किलो वाळलेला चारा. नोव्हेंबर ते एप्रिल १८० दिवस धरले तर एका घोड्याला सोळाशे किलोच्या वर. २० किलोचे गठ्ठे असतील तर ऐंशीएक, नासधूस धरून शंभर. हा साठा उन्हाळ्यातच करा, फेब्रुवारीत मिळेल त्या भावाने घ्यावा लागतो. घेताना गठ्ठा फोडून आत कोपरापर्यंत हात घाला. आत गरम लागलं किंवा कुबट वास आला तर तो परत करा. ओला बांधलेला चारा आतल्या आत तापतो, बुरशी धरतो, आणि त्याने अख्खे गोठे पेटल्याची उदाहरणं आहेत.

तबेल्यात अंथरायला लाकडाचा भुसा घ्याल तेव्हा तो पाइनचा आहे ना, हे विचारून घ्या. तिथे काळ्या अक्रोडाची झाडं मुबलक आहेत. त्याच्या ताज्या भुशावर उभ्या घोड्याला एका दिवसात खुरांची सूज येते. तांबड्या मेपलची सुकलेली पानंही विषारी असतात, त्यामुळे शरदात कुंपणाबाहेरची झाडंसुद्धा बघा.

खरेदीसाठी उत्तर इंडियानातल्या शिपशेवाना गावी दर शुक्रवारी घोड्यांचा लिलाव होतो. आसपास मोटारीऐवजी घोड्याची बग्गी वापरणाऱ्या आमिश पंथाची वस्ती आहे, त्यामुळे बग्गीला सरावलेले स्टँडर्डब्रेड जातीचे घोडे भरपूर दिसतात. सारंगखेड्यात आपण भोवरे (अंगावरचे केसांचे वळसे), पंचकल्याण (चारही पाय आणि तोंड पांढरं) आणि चाल बघतो. तिथे भोवऱ्याला कुणी विचारत नाही. जनावरांचा डॉक्टर एकेक पाय मिनिटभर दुमडून धरतो, सोडतो आणि लगेच घोडा दुडक्या चालीने पळवतो. त्यानंतर लंगडला तर सांध्यात दोष असू शकतो. वेदनाशामक देऊन लंगड लपवलेली नाही ना, यासाठी रक्ताची तपासणी वेगळी मागा. लिलावात या सगळ्याला वेळ नसतो, म्हणून पहिला घोडा लिलावातून घेऊच नये असं माझं ठाम मत आहे. परराज्यातून आणाल तर कॉगिन्स चाचणीचा (घोड्यांच्या संसर्गजन्य रक्तक्षयाच्या रक्ततपासणीचा) कागद मागायला विसरू नका. नालबंद दर ६ ते ८ आठवड्यांनी लागतो. चांगल्याच्या तारखा लांबच्या मिळतात, तेव्हा घोड्याआधी नालबंद ठरवा.

गावात नाव कसं होतं, हेही विचारलंत. उन्हाळ्यात काउंटी फेअर, म्हणजे तिथली जिल्ह्याची जत्रा भरते. ४-एच या मुलांच्या संस्थेतली मुलं वर्षभर वाढवलेली जनावरं तिथे लिलावात उभी करतात, आणि गावातले दुकानदार ती बाजारभावापेक्षा चढ्या बोलीने घेतात. पहिल्याच वर्षी एखाद्या मुलाचं डुक्कर किंवा मेंढी बोली लावून घ्या. त्याचं घर, आजोबा, शेजारी, सगळे खाद्य न्यायला तुमच्याकडे येतील, आणि चांगला चारा कुणाच्या शेतात होतो तेही तेच सांगतील.