सेन्स बफरमध्ये आधीच्या कमांडचा एरर

प्रश्न : सर, एआरएम बोर्डासाठी लिनक्सवर स्कझी (डिस्कशी बोलण्याची पद्धत) ड्रायव्हर लिहितोय. खराब सेक्टर वाचला की 'चेक कंडिशन' (कमांड बिघडल्याची खूण) येते, पण सेन्स बफरमध्ये, म्हणजे डिस्क एररचा तपशील देते त्या जागेत, कधी खरा एरर असतो, कधी नुसते शून्य, कधी आधीच्या कमांडचा एरर. 18 बाइटचा बफर कमांडच्या स्ट्रक्चरमध्येच आहे. एक्स86वर (नेहमीच्या पीसीवर) हाच कोड नीट चालतो.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : एक्स86वर चालतं नि एआरएमवर बिघडतं, म्हणजे पहिला संशय कॅशवर, प्रोसेसरच्या जवळच्या वेगवान मेमरीवर: कंट्रोलरने मेमरीत लिहिलेलं आणि कॅशमधलं यांचा मेळ एक्स86 आपोआप ठेवतो, बऱ्याच एआरएम बोर्डांवर तो ड्रायव्हरला ठेवावा लागतो. तुमच्या बफरच्या शेजारची फील्ड त्याच कॅशलाइनमध्ये (कॅश एका वेळी उचलते त्या तुकड्यात) बसतात. कंट्रोलर मेमरीत सेन्स लिहीत असताना प्रोसेसरने शेजारचं एखादं फील्ड बदललं, की ती जुनी लाइन नंतर परत लिहिली जाते आणि ताजा सेन्स पुसला जातो. माझ्या पहिल्या ड्रायव्हरमध्ये बफरला खेटून रीट्रायचा काउंटर होता. ते सापडायला चार दिवस गेले. खुद्द लिनक्समध्येही हा बफर कमांडच्या स्ट्रक्चरच्या पोटातच असायचा, 2008 मध्ये 2.6.25 आवृत्तीत तो बाहेर काढला. तुम्हीही वेगळा घ्या, आणि डीएमए (कंट्रोलरने थेट मेमरीत लिहिणं) अनमॅप केल्याशिवाय, म्हणजे बफर प्रोसेसरकडे परत घेतल्याशिवाय, वाचू नका.

'आधीच्या कमांडचा एरर' मात्र घाईने कचरा समजू नका, ही माझी कळकळीची विनंती. पहिला बाइट बघा. वरचा बिट सोडून 70 (हे आकडे हेक्समधले) असेल तर एरर चालू कमांडचा. 71 असेल तर तो खरोखरच आधीचा आहे: डिस्कने राइट कॅशमध्ये (स्वतःच्या तात्पुरत्या मेमरीत) घेऊन 'झालं' म्हणून कळवलेला डेटा नंतर प्लॅटरवर, म्हणजे प्रत्यक्ष तबकडीवर, उतरलाच नाही. हा एरर गिळलात तर कुणाची तरी फाइल गुपचूप खराब होईल. चालू कमांड तर झालेलीच नसते, ती पुन्हा पाठवा; आणि 71चा एरर वरच्या थराला कळवा. शिळा बफर की खरा 71, हे ओळखता यावं म्हणून प्रत्येक कमांडआधी बफर शून्य करा.

18 बाइटही अपुरे. पहिला बाइट 72 किंवा 73 असेल तर तो डिस्क्रिप्टर फॉरमॅट, म्हणजे तुकड्यांत मांडलेला सेन्स. त्यात 8 बाइटचं हेडर आणि बहुधा लगेच 12 बाइटचा माहितीचा तुकडा, म्हणजे 20. खराब सेक्टरच्या पत्त्याचे शेवटचे दोन बाइट तुमच्याकडे कापले जातील. लिनक्स 96 ठेवतं, तेवढे ठेवा. शिवाय सेन्स की (एररचा प्रकार) 70मध्ये दुसऱ्या क्रमांकाच्या बाइटवर, 72मध्ये पहिल्यावर, मोजणी शून्यापासून. हाताने उलगडण्यापेक्षा कर्नलचं स्कझी-नॉर्मलाइझ-सेन्स हे फंक्शन वापरा.

एवढं करूनही शून्यच आले, तर पहिले 20 बाइट हेक्समध्ये छापून जसेच्या तसे मला पाठवा.