आधी बाहुली माळ्यावरून खाली काढ

मावशी,
माझी मुलगी पावणेपाच वर्षांची आहे. घरात तिला चिमी म्हणतात. दोन महिन्यांपूर्वी माझे सासरे गेले. हार्ट अ‍ॅटॅक, रात्री झोपेतच. चिमी त्यांच्याच अंगाखांद्यावर वाढलेली. लहान आहे म्हणून आम्ही तिला ‘आजोबा झोपलेत, देवबाप्पाकडे गेलेत’ एवढंच सांगितलं. पण गडबडीत तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं आणि तिनं दारात उभं राहून सगळं पाहिलं. आता ती एकच खेळ खेळते. बाहुलीला फरशीवर निजवते, नाकात कापूस घालते, रुमालानं तोंड झाकते आणि म्हणते, ‘आता ही उठणार नाही.’ मग गॅलरीत बिस्किटाचा तुकडा ठेवून कावळ्याची वाट बघते. सासूबाई ओरडतात, ‘अभद्र खेळू नकोस गं!’ परवा माझाही तोल गेला. मी तिला चापट मारली आणि बाहुली माळ्यावर टाकली. त्या रात्रीपासून ती अंथरूण ओलं करते. मध्येच उठून बोटांनी माझ्या पापण्या उघडून बघते. आजोबांच्या चष्म्याची डबी सारखी मागते, पण सासूबाई ती उशाशी घेऊन झोपतात, देत नाहीत. तिच्यासमोर आम्ही आजोबांचा विषयच काढत नाही. आदल्या दिवशी बिस्किटावरून तिनं त्यांच्याशी कट्टी घेतली होती तेवढीच, बाकी तिचं सगळं छान चाललं होतं. मैत्रीण म्हणते, प्ले थेरपीला, म्हणजे खेळातून उपचार करतात तिकडे, ने. नेऊ का?
– एक आई, सांगली

अगं पोरी,

आधी उठ आणि ती बाहुली माळ्यावरून खाली काढ. चिमीच्या हातात दे आणि एवढंच म्हण, ‘मी तुला मारलं, ते माझं चुकलं. तू काही वाईट खेळत नव्हतीस.’ पुढे लांबण लावू नकोस. ‘पण तू तरी असं का करतेस’ हे शेपूट तर मुळीच जोडू नकोस.

घरात माणूस गेलं की मोठ्यांना धरायला काहीतरी असतं. माणसं भेटायला येतात, गळ्यात पडून रडता येतं, दहावा होतो, तेरावा होतो. चिमीला यातलं काय मिळालं? दारातून दिसलं तेवढं. नाकात कापूस घातला तर आजोबा श्वास कसा घेणार, तोंड का झाकलं, कावळ्याची एवढी वाट का बघतात, हे तिनं कुणाला विचारायचं? विषयच बंद आहे. मग तिनं बाहुली घेतली, बोटभर कापूस घेतला आणि आजोबांचे दिवस आपल्या परीनं घातले. तुझं पत्र वाचून मला भीती वाटली नाही. चिमीचं कौतुक वाटलं, आणि पोटात तुटलंही.

या वयाच्या मुलांना ‘आई, मला अमुक भीती वाटते’ असं वाक्य जुळवता येत नाही, खेळात मात्र ते सांगता येतं. प्ले थेरपी याच पायावर उभी आहे. व्हर्जिनिया अ‍ॅक्सलाइन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९४० च्या दशकात तिचे नियम घालून दिले. खेळ मुलानं ठरवायचा, मोठ्यानं त्याच्या मागून चालायचं, घाई करायची नाही आणि मूल जे दाखवेल ते त्याला शब्दांत परत ऐकवायचं. पुढे १९६० च्या दशकात बर्नार्ड आणि लुईस गर्नी या जोडप्यानं ही रीत आईवडिलांनाच शिकवायला सुरुवात केली. आठवड्यातून एकदा, साधारण अर्धा तास. त्या पालकांना शिकवायला आणि चुकलं तर सांगायला तज्ज्ञ होते, तुझ्याजवळ आज कुणी नाही. तू घरी करशील त्याला थेरपी म्हणायचं नाही, पण बसायची रीत तीच ठेव.

रविवार सकाळ धर. दार लोटून घे, मोबाईल बाहेर. एका टोपलीत तिची बाहुली, भातुकली, दोन-चार प्राणी, डॉक्टरचा संच, कणकेचा गोळा, खडू, कागद. आणि कापूस. हो, कापूस तूच ठेव. महागडं काही आणू नकोस. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या बालवाड्या खडे, बिया, पानं आणि शिंपल्यांवर चालवल्या. तिला सांग, ‘घड्याळाचा मोठा काटा इथे येईपर्यंत तू म्हणशील तसं खेळायचं.’ मग खाली बस, तिच्या उंचीला.

सगळ्यात अवघड काम आहे ते प्रश्न न विचारण्याचं. तिनं बाहुलीला झाकलं की तोंडावर येईल, ‘अगं, ही कोण? आजोबा का?’ ते गिळायचं. दिसतं ते म्हणायचं, ‘सगळं अंग झाकलंस. तोंडसुद्धा.’ ती म्हणेल, ‘आता ही उठणार नाही.’ तू म्हण, ‘उठणार नाही. तू किती हाका मारल्यास तरी.’ आणि थांब. तुला रडू आलं तर येऊ दे, ‘मलाही आजोबांची आठवण आली’ असं सांग. बाहुलीला उठवून बसवायची घाई करू नकोस. तिला वाटेल तेव्हा ती उठवेल, किंवा पुरून टाकेल, किंवा मध्येच सगळं सोडून चहा करायला घेईल. तो चहा पी.

प्रेमानं वाढवायचं म्हणजे सगळं चालवून घ्यायचं, असा एक समज पसरलाय. तसं करू नकोस. ती तुला मारायला धावली तर हात धर आणि म्हण, ‘तुला खूप राग आलाय. माणसांना मारायचं नाही. ही उशी आहे, हिला मार.’ आवाज न चढवता आधी तिचा राग ओळखायचा, मग मर्यादा सांगायची, मग दुसरी वाट दाखवायची.

आता तुझ्या पत्रातलं ते वाक्य, जे तू ‘तेवढीच’ म्हणून उडवून लावलंस. कट्टीचं. मी ते तीनदा वाचलं. चार-पाच वर्षांच्या मुलांना मनापासून वाटतं की आपल्या रागानं, आपल्या बोलण्यानं गोष्टी घडतात. चिमीनं कट्टी घेतली आणि सकाळी आजोबा उठले नाहीत. बट्टी राहून गेली. ती हे उघड बोलेल असं नाही, पण मनात धरून बसली असण्याची शक्यता मोठी आहे. म्हणून तिनं विचारायची वाट न बघता तूच सांग, ‘आजोबांचं हृदय बंद पडलं. तू कट्टी घेतलीस म्हणून काही झालं नाही. कट्टीनं कुणी मरत नाही. तू त्यांची लाडकीच होतीस.’ एकदा सांगून भागणार नाही. आंघोळ घालताना, वेणी घालताना पुन्हा सांग.

आणि ‘झोपलेत’ हा शब्द आजच्या आज परत घे. ती तुझ्या पापण्या का उघडते ते आता लक्षात आलं ना? झोपलेलं माणूस उठत नाही, असंच आपण तिला शिकवलंय. मग ती स्वतः कशी डोळे मिटेल? स्पष्ट सांग, ‘आजोबा मेले. मेल्यावर शरीर थांबतं. श्वास घ्यावा लागत नाही, भूक लागत नाही, दुखत नाही. कापसानं त्यांना काही झालं नाही. ते परत येणार नाहीत. झोप वेगळी असते, झोपल्यावर श्वास चालू असतो.’ रात्री तिचा हात तुझ्या छातीवर ठेवून तो श्वास तिला मोजू दे. ‘मेले’ हा शब्द लहान मुलासमोर काढायला जीभ रेटत नाही, हे मला कळतं. पण याच वयात मेलेलं माणूस परत येईल असंही वाटत असतं, आणि गोडगोड शब्दांनी तो गोंधळ वाढतो. देवबाप्पाकडे गेले हे तुमच्या श्रद्धेप्रमाणे जरूर सांग, पण हे सांगून झाल्यावर.

अंथरुणाचं मनावर घेऊ नकोस. धक्का बसला की मुलं अशी चार पावलं मागे येतात. मेणकापड घाल, चादर निमूट बदल आणि पाहुण्यांसमोर विषय काढू नकोस. लघवीला जळजळ किंवा ताप असेल तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखव.

थेरपीला नेण्यात काही कमीपणा नाही, पण आधी चार-सहा आठवडे घरी बसून बघ. खेळ हळूहळू बदलत असेल, त्यात नवी माणसं येत असतील, तर ती सावरते आहे. खेळ तसाच्या तसा चालू राहिला, खेळून झाल्यावरही ती घाबरलेलीच राहिली, खाणं सुटलं, बोलणं बंद झालं, तर थांबू नकोस. ‘मला आजोबांकडे जायचंय’ असं सारखं म्हणू लागली तर सहा आठवडेही थांबू नकोस. बहुतेक वेळा त्याचा अर्थ भेटायचंय एवढाच असतो, तरी जाणत्या माणसाच्या कानावर घाल. जिल्हा रुग्णालयात मुलांचा आणि मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग असतो, तिथे विचार. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. कुणा थेरपिस्टकडे गेलीस तर त्यांनी शिक्षण कुठे घेतलं, मुलांबरोबर किती काम केलं आणि आईवडिलांना भेटतात का, हे निःसंकोच विचार.

सासूबाईंवर रागावू नकोस. त्या कापसात त्यांना नवरा दिसतो. दोन महिनेच तर झालेत. खेळ त्यांच्या डोळ्यांसमोर नको, पण ‘अभद्र’ हा शब्द चिमीच्या कानावर नको, हे त्यांना एकटीला गाठून सांग. आणि एखाद्या दुपारी त्या शांत असताना विचार, चिमीला मांडीवर घेऊन ती चष्म्याची डबी दोघींनी मिळून उघडली तर चालेल का. द्यायची नाही, नुसती उघडायची. आत चष्मा आहे का, पुसायचं फडकं आहे का, चिमीला बघू दे. दोघी रडल्या तर मध्ये पडू नकोस. तू पाणी आणून ठेव.

– तुझी मावशी