रंगांधळ्या मुलाला चित्रकलेकडे जाऊ द्यावं का?

तुमचा मुलगा नववीत आहे, हिरव्या-तपकिरीत त्याचा गोंधळ होतो, म्हणून तुम्ही विचारताय. जाऊ द्या.

मी त्यातलाच. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेच्या तयारीत स्मरणचित्राला आंब्याचं झाड काढलं, पानं तपकिरी आणि खोड हिरवं. सरांनी कागद उंच धरून अख्ख्या वर्गाला दाखवला. काकांनी त्याच संध्याकाळी निकाल लावला, "कॉमर्स घे." घेतलं.

बी.कॉम. झाल्यावर एका वाचनालयात शार्ल मेरियों सापडला. जन्म पॅरिस, १८२१. फ्रेंच आरमारात अधिकारी, जहाजावरून थेट न्यूझीलंडपर्यंत जाऊन आलेला. नोकरी सोडून चित्रकार व्हायला निघाला तर रंगांधळा! गडी एचिंगकडे, म्हणजे धातूच्या पत्र्यावर कोरून छापायच्या चित्रांकडे वळला. तिथे रंगाचं कामच काय? तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर, त्यावर सुईने रेघ, मग ॲसिड. पत्रा ॲसिडमध्ये जितका जास्त वेळ, तितकी रेघ खोल आणि छापल्यावर काळी. १८५० ते ५४ मध्ये त्याने जुन्या पॅरिसची मालिका केली. पॅरिसच्या नोत्र-दाम चर्चच्या कठड्यावर हनुवटीला हात लावून बसलेला शिंगवाला राक्षस आहे ना, त्याचं 'ल स्ट्रीज' १८५३चं. त्यातला काळा बघा आणि मग मला सांगा रंग कमी पडतोय का. कवी बोदलेरने १८५९मध्ये त्याची तोंडभरून स्तुती केली. पैसे मात्र मिळाले नाहीत, हे खरं.

तिशीत मी एचिंग शिकलो. आता घरी छोटा प्रेस आहे.

गेल्या दिवाळीत काकांना हे सगळं ऐकवलं. त्यांनी मोबाईलवर शोधलं आणि म्हणाले, "अरे, हा तर शेवटी वेड्यांच्या इस्पितळात गेला." गेला. पॅरिसजवळच्या शारेंतोंला, आणि १८६८मध्ये तिथेच वारला. शेवटच्या वर्षांतल्या चित्रांत आकाशातून भलतेच प्राणी उडत येतात. पण काका, वेड काय रंग दिसत नाहीत म्हणून लागतं? कॉमर्सवाल्यांना लागत नाही? यावर त्यांनी चिवड्याची वाटी पुढे केली.

तेव्हा मुलाच्या हाती पेन्सिल, शाई, लिनोकट (लिनोलियमवर कोरून छापणं) द्या. सरांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे त्याचा कागद कोणी उंच धरणार नाही. आणि हो, डोळ्यांच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या, हे आधी लिहायला हवं होतं. कापडाचं डिझाइन किंवा छापखान्यात रंग जुळवायचं काम त्याला जड जाईल.