घाटात दिसला तो कसला उजेड?

गिरगावातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. गेल्या डिसेंबरात त्या सासूबाईंना घेऊन एसटीच्या रातराणीने मुंबईहून नगरला निघाल्या होत्या. कल्याण, मुरबाड, टोकावडे मागे पडलं, माळशेज घाट सुरू झाला. गाडीतले दिवे मालवलेले, बहुतेक प्रवासी झोपलेले. एकाएकी ताईंच्या मांडीवर खिडकीच्या गजांची सावली पडली आणि सरकत गेली. समोरून गाडी येत नव्हती. वर पाहिलं तर एक हिरवट पांढरा गोळा तिरका खाली येत होता. तो एकदम मोठा झाला आणि डोंगराच्या जरा वरच विझला. आवाज काही आला नाही. दोन-तीन सेकंदांत सगळं संपलं. सासूबाई जाग्याच होत्या, त्या म्हणाल्या, "तारा तुटला." मुलाने फोनवर ऐकून "यूएफओ!" असं जाहीर केलं. ताईंनी नातेवाइकांच्या ग्रुपवर लिहिलं, "काल रात्री मी आकाशातल्या एका गूढ प्रकाशाची साक्षीदार झाले." मैत्रिणीला हे वाक्य खटकलं, पण का खटकलं ते तिला सांगता येईना. यातलं बरोबर काय आणि असलं काही मराठीत सांगायचं कसं, असं ताई विचारतात.

मैत्रिणीचा कान चांगला आहे. आधी खटकतं ते 'साक्षीदार झाले'. साक्षी हा शब्द मुळात डोळ्यांचाच, स आणि अक्षि, म्हणजे डोळ्यांसकट हजर असलेला. पण त्याला फारसीतलं 'दार' लागलं आणि तो कोर्टकचेरीत, खरेदीखतावर, लग्नाच्या नोंदणीत जाऊन बसला. साक्षीदार म्हटला की कुणीतरी साक्ष काढणार आणि तो ती देणार, हे ओघाने आलंच. शिवाय आपल्याकडे साक्षीला बसवायचं ते अग्नीला, चंद्रसूर्याला. शिलाहारांच्या काळातले गद्धेगाळ, म्हणजे दानाचे कोरीव दगड, पाहा, दान चंद्रसूर्य असेतो टिकावं म्हणून दगडाच्या वरच्या अंगाला दोघेही कोरलेले असतात. आकाशात काही दिसलं म्हणून माणूस त्याचा 'साक्षीदार होतो' ही बातम्यांमधून आलेली, इंग्रजीच्या साच्यातली बोली आहे.

आपल्याकडे यासाठी साधा 'दिसणे' आहे आणि त्याची रचना मला फार आवडते. 'मी उजेड पाहिला' यात मी मुद्दाम मान वळवून पाहिलेलं असतं. 'मला उजेड दिसला' यात कर्ता उजेड आहे. तो आपण होऊन आला, मी फक्त वाटेत होतो. घाटात अर्धवट झोपेत असताना जे समोर येतं ते दिसतंच, पाहिलं जात नाही. ताईंच्या प्रसंगात तर दोन्ही आहेत. आधी सावली दिसली, मग त्यांनी वर पाहिलं, तेव्हा गोळा दिसला. 'नजरेस पडला' म्हटलं तरी चालेल.

आता 'गूढ'. हा शब्द गुह् या धातूचा, लपवणे या अर्थाचा. गुहा आणि गुह्य त्याचेच भाऊबंद. गूढ म्हटलं की कुणीतरी काहीतरी झाकून ठेवलंय असा सूर लागतो. त्या उजेडाने काय लपवलं? तो तर मांडीवर सावली पाडून गेला. 'अनाकलनीय' त्याच्याहून जड, तो म्हणतो की हे कुणाच्याच बुद्धीत मावणार नाही. ते आपण कसं ठरवणार? 'अज्ञात' त्यातल्या त्यात प्रामाणिक आहे, कारण वर्तमानपत्रातलं 'अज्ञात वाहन' म्हणजे ज्याचा पत्ता अजून लागला नाही ते, उद्या लागेलही. पण त्याला पंचनाम्याचा वास येतो.

मराठीला या जागेसाठी शब्द शोधावा लागतच नाही. तो घरात आहे: कसलासा. 'कसला'ला नुसता 'सा' जोडायचा. कुणीसा, कुठलासा, काहीसा, कधीसा. दिसलं आहे, खात्रीने दिसलं आहे, ओळख मात्र पटलेली नाही, एवढं सगळं तो एक 'सा' सांगतो. 'कसला तरी उजेड' म्हटलं की सांगणाऱ्याला त्याचं फारसं अगत्य नाही असं वाटतं. 'कसला तरी आवाज आला असेल, झोप आता' असं आपण म्हणतो. 'कसलासा उजेड' म्हणणारा मात्र अजून खिडकीबाहेरच बघत असतो. हा फरक फार नाजूक आहे आणि तो हल्ली लिहिण्यातून जातो आहे, याचं मला वाईट वाटतं. कुठलीही न कळलेली गोष्ट आली की आपण सरसकट 'गूढ' किंवा 'रहस्यमय' चिकटवतो.

प्रकाश की उजेड? दोन्ही बरोबर, पण इथे उजेडच हवा. आणि पुढचं क्रियापद जपून निवडायला हवं. 'उजेड दिसला' म्हणजे लांबवर दिवा असावा तसा तो नजरेला आला. 'उजेड पडला' म्हणजे त्याने आजूबाजूच्या वस्तू उजळल्या. गजांची सावली मांडीवर सरकली, म्हणजे ताईंच्या अंगावर उजेड पडला. भाषेची ही बारीक गोष्ट खगोलाच्या अभ्यासकालाही हवी असते. नेहमीची उल्का सावली पाडत नाही. शुक्राच्या चांदणीहून तेजस्वी असेल तिला अग्निगोल म्हणतात, आणि धावत्या गाडीत सहज लक्षात येईल अशी सावली पाडणारा अग्निगोल बराच मोठा म्हणायचा. 'पडला' या एका शब्दात ते सगळं येतं.

सासूबाईंचं 'तारा तुटला' मला सगळ्यांत जवळचं वाटतं. तारा तुटत नाही हे आज शाळकरी मुलालाही माहीत आहे. वाळूच्या कणाएवढा किंवा खड्याएवढा ऐवज सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरतो, त्याच्यासमोरची हवा दाबली जाऊन प्रचंड तापते आणि जमिनीपासून साधारण १०० किलोमीटरवर तो पेटतो. खड्यात मॅग्नेशियम असेल तर हिरवट-निळसर छटा येते, सोडियमने पिवळट. पण 'तारा तुटला' हे शास्त्राचं विधान नाहीच, डोळ्यांना जे झालं त्याचं वर्णन आहे. फळ देठातून तुटावं तसं काहीतरी वरून सुटलं. 'तारा निखळला' ही त्याच्याच जोडीची रचना, पण निखळतो तो कोंदणातला खडा, हिरडीतला दात, भिंतीतली वीट. जिथे बसवलेलं असतं तिथून निघून येणं. म्हणूनच मोठा माणूस गेला की 'तारा निखळला' लिहितात, 'तुटला' लिहीत नाहीत: त्याची जागा रिकामी राहते.

जाता जाता लिंगाचंही सांगतो. संस्कृतात तारा स्त्रीलिंगी, मराठीत पुल्लिंगी: तारा तुटला, तारे चमकले. उल्का मात्र मराठीतही बाईच राहिली. डिसेंबरात वांगणीला मोकळ्या माळावर मिथुन राशीतला उल्कावर्षाव बघायला आम्ही जातो, १३-१४ तारखेच्या रात्री. अंधारात चादरी पसरून सगळे उताणे पडलेले असतात, थंडीने पाय जवळ घेतलेले. कुणालाच कुणाचा चेहरा दिसत नाही. आणि मधूनच एक आवाज उठतो, "गेली!" कुणी उल्का म्हणत नाही, कुणी प्रकाश म्हणत नाही. पातं लवायच्या आत संपणाऱ्या गोष्टीला नाम लावायला वेळ कुठे असतो? क्रियापदच सगळं काम करतं, लिंगासकट.

उल्का या शब्दाचा मूळ अर्थ जळतं लाकूड, मशाल. हे कळलं तेव्हा मला माझी कोकणातली आजी आठवली. ती परळच्या चाळीत चाळीस वर्षं राहिली, पण आभाळातून काही पेटतं गेलं की म्हणायची, "चूड गेली बघ." सुक्या झावळ्यांची जुडी पेटवून रात्री वाट काढतात ती चूड. तिला संस्कृताचा गंध नव्हता. तिने तेच पाहिलं जे उल्का हा शब्द पहिल्यांदा वापरणाऱ्याने पाहिलं असणार, अंधारातून कुणीतरी जळती जुडी घेऊन धावत गेलं. टेंभा, दिवटी, पलिता, हिलाल, कोलीत: हातात धरायच्या आगीला मराठीत एवढी नावं आहेत, की आभाळातल्या आगीला उसनं नाव आणायची गरज पडू नये. वरची आग जमिनीवर येऊन पडली, तिचा दगड हाती लागला, तर तो अशनी. आणि शेंडेनक्षत्र म्हणजे धूमकेतू, त्याचा इथे संबंध नाही. तो धावताना दिसत नाही, कित्येक रात्री आपल्या जागी शेपूट सोडून बसलेला असतो.

मुलाच्या 'यूएफओ'बद्दल रागावू नका. त्यातला प्रामाणिक अर्थ 'ओळख न पटलेली उडती वस्तू' एवढाच आहे. घोटाळा केला तो 'उडती तबकडी'ने. २४ जून १९४७ रोजी केनेथ अर्नोल्ड या अमेरिकी वैमानिकाला माउंट रेनियर पर्वताजवळ चकाकत्या वस्तूंची रांग दिसली. त्या कशा चालल्या होत्या हे सांगताना त्याने उपमा दिली, बशी पाण्यावर फेकली की टप्पे घेत जाते तशा. उपमा चालीची होती. वर्तमानपत्रांनी ती आकाराला चिकटवली आणि जगभर बशा उडू लागल्या. आपल्याकडे तबकडी ग्रामोफोनची होती, घड्याळाची होती, ती इथे कामाला लागली. क्रियापदात सांगितलेली गोष्ट नामात कोंबली की काय होतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

म्हणून माझं मत असं, की ओळख पटेपर्यंत नामाला 'कसलासा उजेड' एवढ्यावर थांबवावं आणि सगळा भर चालीवर द्यावा. घाटकोपरच्या गच्चीवरून पूर्वेला बघत उभे राहा. पांढरा दिवा आभाळात टांगल्यासारखा दिसेल, मिनिटभर हलणार नाही, मग त्याचे दोन होतील आणि डोक्यावरून घरघरत विमान जाईल. ते थेट आपल्या दिशेने येत असल्यामुळे टांगलेलं वाटतं. अंतराळ स्थानक न लुकलुकता सरळ चालत जातं, चार-पाच मिनिटांत आभाळ ओलांडतं. दिवाळीत हवेत सोडलेला कागदी कंदील तांबूस असतो आणि वाऱ्याबरोबर वाहत जातो. (आपला खरा आकाशकंदील दारातच टांगलेला बरा.) नुकत्याच सोडलेल्या कृत्रिम उपग्रहांची रांग माळेसारखी ओघळते. आणि २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भात आभाळातून जे जळत गेलं ते सावकाश गेलं, तुकडे तुकडे होत, एकामागे एक. अनेकांनी त्याला उल्का म्हटलं. पुढे चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावात तीनेक मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलेलं सापडलं. जाणकारांच्या मते ते चिनी रॉकेटचे अवशेष होते. 'सावकाश' आणि 'तुकडे होत' हे दोन शब्द ज्याने त्या संध्याकाळी नीट लिहून ठेवले, त्याने अर्धं उत्तर तिथेच दिलं होतं.

तर ताई, तुमचं वाक्य मी असं लिहीन: "काल रात्री माळशेज घाटात कसलासा हिरवट उजेड अंगावर पडला. वर पाहिलं तर आगीचा गोळा तिरका खाली आला, एकदम फुलला आणि डोंगराच्या वरच विझला. सासूबाई म्हणतात तारा तुटला." शेवटचं वाक्य गाळू नका. तुमच्या वर्णनावरून मलाही तो अग्निगोलच वाटतो, म्हणजे सासूबाईंच्या भाषेत तुटलेला तारा.

आवाज आला नाही यानेही गोंधळून जाऊ नका. आवाज मिनिटाला वीसेक किलोमीटर चालतो. गोळा ८० किलोमीटरवर फुटला असेल तर धडाका पोचायला चार मिनिटं लागतील, तोवर तुमची गाडी पुढच्या वळणांवर असेल, इंजिनाच्या आवाजात.

आंतरराष्ट्रीय उल्का संघटना अशा अग्निगोलांच्या नोंदी घेते. तिथे विचारतात ते सगळं हेच: कुठून कुठे गेला, किती वेळ दिसला, रंग कोणता, तुटला का, आवाज आला का. तुमच्याकडे बहुतेक उत्तरं आहेत. तुम्ही गाडीत डावीकडे बसला होतात की उजवीकडे, आणि ती रात्र नेमकी कोणत्या तारखेची, तेवढं आठवून कळवा. १३ किंवा १४ डिसेंबर निघाली, तर तो मिथुनेतूनच तुटला असण्याची शक्यता चांगली आहे.