जगात सर्वात जास्त बौद्ध कोणत्या देशात आहेत? प्रत्येक ठिकाणी आकडा वेगळा का दिसतो?

तुमचा प्रश्न असा, की एका ठिकाणी चीन पहिला लिहिलंय, दुसऱ्या ठिकाणी थायलंड, एकूण बौद्ध कुठे 50 कोटी तर कुठे 32 कोटी, मग यातलं खरं काय? आधी सरळ उत्तर देतो, कारणं नंतर.

लोकसंख्येतला वाटा पाहिला तर कंबोडिया पहिला. तिथल्या 2019 च्या जनगणनेत 97 टक्के लोकांची नोंद बौद्ध अशी आहे. थायलंड 90 टक्क्यांच्या वर, म्यानमार 88 च्या आसपास, श्रीलंका 70. भूतान आणि लाओसमध्येही बौद्ध बहुसंख्य आहेत, मंगोलियात निम्म्याहून थोडे जास्त. या देशांबद्दल फारसा वाद नाही. वाद आहे तो डोकी मोजण्याचा, आणि तो बहुतेक चीनपाशी येऊन थांबतो.

अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने 2010 सालासाठी जगात सुमारे 48 कोटी 80 लाख बौद्ध असल्याचा अंदाज दिला होता. त्यातले निम्मे, म्हणजे 24 कोटींवर, एकट्या चीनमधले. इंटरनेटवर 'पन्नास कोटी' दिसतं ते बहुधा इथूनच आलेलं असतं. याच संस्थेने 2025 मध्ये नवा अहवाल काढला. त्यात 2020 सालासाठी जगभरातले बौद्ध 32 कोटी 40 लाख, थायलंड सुमारे 6 कोटी 80 लाखांसह पहिला आणि चीन सुमारे 5 कोटी 30 लाखांवर. दहा वर्षांत सोळा कोटी माणसं धर्म सोडून गेली असं कुणी समजू नये. चीनमध्ये मोजायची रीत बदलली. नव्या रीतीने 2010 चा आकडाही त्यांनी 34 कोटी 30 लाख असा सुधारून घेतला. खरी घट दोन कोटींच्या आतली आहे.

आता ही रीत बदलली म्हणजे काय, ते नीट समजून घेण्यासारखं आहे. चिनी भाषेत धर्माला 'त्सोंगज्याओ' म्हणतात. हा शब्द आजच्या अर्थाने जपानीतून चिनीत आला, तोही एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. त्याने मनात उभी राहते ती संघटना, दीक्षा, सभासदत्व. 2018 च्या एका सर्वेक्षणाप्रमाणे 'तुमचा धर्म कोणता' असं विचारलं की जेमतेम 4 टक्के प्रौढ 'बौद्ध' म्हणतात. पण 2018 च्याच दुसऱ्या एका सर्वेक्षणात 'बुद्धावर किंवा बोधिसत्त्वांवर तुमची श्रद्धा आहे का' असं विचारलं, तर 33 टक्के लोकांनी हो म्हटलं. करुणेची देवता मानल्या जाणाऱ्या ग्वानयिनपुढे उदबत्ती लावणारी बाई स्वतःला कोणत्याच धर्माची मानत नाही, आणि तिला त्यात काही विसंगत वाटत नाही. सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाच्या सभासदांनी तर अधिकृतपणे नास्तिकच असायचं असतं. म्हणून चीनचा आकडा 5 कोटीही असू शकतो आणि 40 कोटींच्या पुढेही जाऊ शकतो. दोन्ही खोटे नाहीत, प्रश्न वेगळे आहेत.

व्हिएतनाममध्ये हेच आणखी ठळक दिसतं. 2019 च्या जनगणनेत तिथे फक्त 46 लाख बौद्ध निघाले, कॅथलिकांपेक्षाही कमी, आणि 86 टक्के लोकांनी 'धर्म नाही' असं लिहून दिलं. पौर्णिमेला तिथल्या पॅगोडांत मात्र गर्दी असते.

जपानमध्ये गाडी उलट्या दिशेने जाते. तिथे सरकार दरवर्षी धार्मिक संस्थांकडून अनुयायांची संख्या मागवतं. शिंतो, म्हणजे जपानचा स्वतःचा जुना धर्म, आणि बौद्ध मिळून बेरीज सतरा-अठरा कोटींपर्यंत जाते, देशाची लोकसंख्या मात्र साडेबारा कोटींच्या आसपास! कारण शिंतो देवस्थान आपल्या परिसरातल्या सगळ्यांना आपलं धरतं आणि बौद्ध मंदिर आपल्याकडे नोंद असलेली सगळी घराणी मोजतं. ही घराण्यांची नोंद, 'दान्का' पद्धत, सतराव्या शतकातली आहे. तोकुगावा राजवटीने ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली आणि आपण ख्रिस्ती नाही हे सिद्ध करायला प्रत्येक कुटुंबाला एखाद्या बौद्ध मंदिराचा दाखला घ्यावा लागे. भीतीपोटी सुरू झालेली ती नोंदवही पुढे अंत्यविधीची आणि पितरांची वही झाली. आज तिथल्या माणसाला थेट विचारा, निम्म्याहून जास्त लोक 'माझा धर्म नाही' म्हणतील, आणि तरी घरातल्या माणसाचा अंत्यविधी बहुधा बौद्ध पद्धतीनेच होईल.

दक्षिण कोरियात 2005 ला 23 टक्के असलेले बौद्ध 2015 ला साडेपंधरा टक्क्यांवर आले. तिथली घसरण खरी आहे, जरी मधल्या काळात जनगणनेची पद्धतही थोडी बदलली. पूर्व आशियात जन्मदर खाली आलाय, लोकसंख्येचं वय वाढतंय आणि तरुण मुलं नाव लावायचं सोडतायत. प्यूच्या ताज्या अहवालात मोठ्या धर्मांपैकी फक्त बौद्धांचीच संख्या घटली, ती या तीन कारणांनी.

एका छोट्या ठिकाणाचं नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. रशियात, कॅस्पियन समुद्राच्या वायव्येला काल्मिकिया नावाचं प्रजासत्ताक आहे. लोकसंख्या तीन लाखांच्या आत. युरोप खंडात बौद्ध धर्म सर्वात मोठा असलेला हा एकच प्रदेश. सतराव्या शतकात मंगोल वंशाचे हे लोक गुरं हाकत व्होल्गाकाठी आले. डिसेंबर 1943 मध्ये स्टालिनने सगळ्या जमातीला उचलून सायबेरियात टाकलं, आणि 1957 पासून त्यांना परत येऊ दिलं. आले तेव्हा गावात एक विहार उरला नव्हता. तरी आज माणसं विचारल्यावर 'बौद्ध' म्हणतात. ज्यांच्याकडून नाव हिसकावून घेतलं गेलं, ती माणसं ते जास्त घट्ट धरतात असं मला वाटतं. हे मी काल्मिकियात पाहिलेलं नाही, आपल्याकडे पाहिलंय.

भारताचे आकडे घ्या. 1951 च्या जनगणनेत देशात 1,80,823 बौद्ध होते, बहुतेक दार्जिलिंगचा डोंगर, ईशान्य आणि हिमालयाच्या पट्ट्यातले. आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत होते 2,487. एखाद्या मोठ्या गावाएवढे. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला बाबासाहेबांनी कुशीनगरच्या भदंत चंद्रमणी महास्थवीरांकडून दीक्षा घेतली आणि मग जमलेल्या लाखो माणसांना स्वतः बावीस प्रतिज्ञा दिल्या. दोनच दिवसांनी चंद्रपूरला. आणि 6 डिसेंबरला बाबासाहेब गेले. पुढच्या, 1961 च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्ध किती? 27,89,501. दहा वर्षांत अडीच हजारांचे अठ्ठावीस लाख. माझ्या माहितीत असलेल्या जनगणनांत एवढी उडी दुसरीकडे नाही, आणि ती कुठल्या राजाने हुकूम काढून झालेली नाही.

2011 मध्ये देशात 84,42,972 बौद्ध मोजले गेले, त्यातले 65,31,200 महाराष्ट्रात, म्हणजे शंभरातले सत्त्याहत्तर. बाकीचे सिक्कीम, लडाख, अरुणाचल, मिझोराममधले चकमा, उत्तर प्रदेश, बंगाल. तरीही महाराष्ट्राच्या लोकसंख्येतला बौद्धांचा वाटा 1961 मध्ये 7 टक्के होता, तो 2011 मध्ये 5.8 वर आलाय. माणसं वाढली, वाटा घटला. बाहेरच्या राज्यांतून मुंबई-पुण्याकडे आलेली लोकसंख्या हे त्याचं एक कारण. दुसरं कारण रकान्यात आहे, आणि ते मी माझ्या हाताने लिहिलंय.

मी विदर्भात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होतो. फेब्रुवारी 2011 मध्ये प्रगणक म्हणून माझी नेमणूक झाली. गाव सांगत नाही, घरोघरची माहिती गुप्त ठेवायची असते. धर्माच्या रकान्यात धर्माचं नाव पूर्ण लिहायचं आणि चौकटीत संकेतांक, बौद्धांसाठी 5. पुढे अनुसूचित जातीचा रकाना. एका घरात म्हाताऱ्या आजी खाटेवर बसल्या होत्या. त्यांनी मला विचारू दिलंच नाही. "लिवा मास्तर, बौद्ध. अन् काय लिवलं ते मले वाचून दाखवा." मी वाचून दाखवलं. त्यांनी नातवाला बोलावून त्याच्याकडूनही वाचून घेतलं. छप्पन साली आईचं बोट धरून त्या नागपूरला गेल्या होत्या, हे त्यांनी चहा पिताना सांगितलं.

त्याच गल्लीत चार घरं सोडून दुसरं घर. भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारी बाबासाहेब, दारावर निळी-पांढरी पताका. घरमालक मला म्हणाले, "सर, जय भीम. धर्म हिंदू लिहा, जात महार. पोराच्या नोकरीचं आहे, कागद जुळले पाहिजेत." सांगणारा सांगेल तेच लिहायचं असा नियम आहे. मी लिहिलं.

त्यांना दोष देणं मला जमत नाही, कारण माझ्या स्वतःच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'हिंदू महार' आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा माणूस हिंदूच असावा लागे. 1956 मध्ये शिखांचा समावेश झाला, बौद्धांना मात्र 1990 उजाडावं लागलं. महाराष्ट्र शासनाने राज्यापुरत्या सवलती आधीच दिल्या होत्या, पण केंद्राची नोकरी, रेल्वे, बँक, पोस्ट यांसाठी त्या चालत नसत. म्हणजे चौतीस वर्षं आमच्या आईबापांसमोर हाच पेच होता, मनातलं नाव कागदावर लिहायचं की लेकराची नोकरी बघायची. माझ्या वडिलांनी घरात वंदना चालू ठेवली आणि शाळेत नाव घालताना लेखनिकाला जुनं सांगितलं. 1990 चा कायदा झाल्यावर अडचण कागदोपत्री संपली, मनातली भीती लगेच गेली नाही. अजूनही 'बौद्ध लिहिलं तर जातीचा दाखला अडेल' असं लोक एकमेकांना सांगतात. म्हणून स्पष्ट सांगतो: धर्म बौद्ध आणि रकान्यात अनुसूचित जात, या दोन्ही नोंदी एकत्र कायद्याने चालतात.

उलट बाजूही आहे. 2011 मध्ये महाराष्ट्रातल्या 65 लाख बौद्धांपैकी अनुसूचित जातीच्या रकान्यात सुमारे 52 लाखच दिसतात. राहिलेल्या तेरा लाखांत इतर समाजातून आलेले बौद्ध आहेत, तसे 'जात सोडली म्हणूनच तर दीक्षा घेतली, आता ती परत का लिहू' असं म्हणणारेही आहेत. मला असे दोन-तीन तरुण भेटले होते. त्यांच्याशी मी वाद घातला नाही.

तर चीनमधली बाई बुद्धापुढे उदबत्ती लावते आणि 'बौद्ध' लिहीत नाही, आमच्या गल्लीतले गृहस्थही तसबिरीपुढे हात जोडतात आणि 'बौद्ध' लिहीत नाहीत. कारणं मात्र पूर्ण वेगळी आहेत. तिला तो शब्द आपला वाटतच नाही. त्यांना तो जिवापाड आपला वाटतो, पण त्याची किंमत माहीत आहे. जागतिक तक्त्यात दोघंही गाळलेल्या जागेत जाऊन बसतात.

तुम्हाला आकडा उद्धृत करायचा असेल तर सोबत वर्ष लिहा, आणि तो जनगणनेचा की सर्वेक्षणाचा की धर्मसंस्थेने कळवलेला, तेही लिहा. भारताबाबत एक सावधगिरी ठेवा. 2021 ची जनगणना झाली नाही, पुढची 1 मार्च 2027 या संदर्भ दिनांकाने होणार आहे आणि त्यात सगळ्यांचीच जात विचारली जाईल. तोवर 'भारतात सध्या एक कोटी बौद्ध' असं कुठे वाचलंत तर तो अंदाज समजा. मोजलेला शेवटचा आकडा 84,42,972 हाच आहे, आणि त्यात त्या आजींची एक नोंद आहे.