आधी पाण्याचा ताळेबंद मांड

तुझं पत्र मिळालं. शाळेशेजारच्या शेतात पडलेला खड्डा, ईआरटीच्या, म्हणजे जमिनीचा विद्युतरोध मोजणाऱ्या चाचणीच्या, चित्रातला तो निळा पट्टा, त्या पट्ट्यावर घेतलेली दोन बोअरं आणि दोन्हींत लागलेला अखंड चुनखडक. आता वरिष्ठ म्हणतात, "पोकळी आढळली नाही" असं लिहून मोकळी हो. आणि तू मला विचारतेस, तिसरं बोअर कुठे घेऊ?

अगं, तिसऱ्या बोअरचं नंतर बघू. त्या खड्ड्यात उतरलेलं पाणी आलं कुठून आणि गेलं कुठे, याबद्दल एवढ्या मोठ्या पत्रात एक ओळ नाही! आसपासच्या विहिरींची पातळी नाही, शाळेच्या छपराचं पाणी कुठे पडतं ते नाही, टाकीचा नळ गळतो की नाही ते नाही. आधी पाण्याचा ताळेबंद मांड. मग यंत्रं.

तुझा गोंधळ मला कळतो, कारण आपण बसाल्टवर वाढलेली माणसं. कॉलेजच्या सहली घाटांत गेल्या; लाव्हाचे थर, सांधे, डाइक म्हणजे खडकात घुसून थिजलेल्या उभ्या भिंती, झिऑलाइटचे स्फटिक यांवर नजर तयार झाली. बसाल्टचा मुरूम होतो, माती होते, पण तो चुनखडीसारखा विरघळून पोकळ होत नाही. आंध्रात, तुझ्या कडप्याला गेल्यावर ही नजर बाजूला ठेवावी लागते. पावसाचं पाणी हवेतून थोडा आणि मातीतून बराच कार्बन डायऑक्साइड घेतं, सौम्य आम्ल होतं आणि सांध्यासांध्यातून खडक खात जातं. तुझ्या त्याच 'नरजी' नावाच्या चुनखडकात बेलमच्या गुहा आहेत, तीन किलोमीटरहून जास्त लांबीच्या. एक रविवार तिथे घालव आणि भिंतींकडे बघ. ते काम हजारो वर्षांचं आहे. शाळेच्या इमारतीच्या आयुष्यात खडक विरघळून छत कोसळेल, ही शक्यता फार लहान.

पडते ती माती. खडकातली भेग जुनीच असते. वरची माती तिच्यातून कणाकणानं खाली जाते, मातीत कमान तयार होते आणि ती कमान वर वर सरकत येते. पोत्याला खालून उंदरानं भोक पाडावं, धान्य गळत राहावं आणि वरून पोतं भरलेलंच दिसावं, तसं. मग एका सकाळी जमीन बसते. म्हणून तुझी दोन बोअरं खडकात अखंड आली याचा अर्थ धोका नाही असा होत नाही. एनएक्स मापाचं बोअर जेमतेम ७६ मिलिमीटर व्यासाचं असतं. चुनखडकाचा माथा सुळक्यांचा असतो. एका ठिकाणी पाच मीटरवर खडक, चार पावलांवर वीस मीटरवर. तुझी बोअरं दोन सुळक्यांवर बसली असतील. आणि तो निळा पट्टा? कमी विद्युतरोध म्हणजे ओली चिकणमाती किंवा पाणी. कोरडी पोकळी उलट जास्त रोध दाखवते. चित्र पोकळी दाखवत नाही, ओल दाखवतं. म्हणजे तुझं यंत्रही तुला पाण्याबद्दलच सांगतंय. जीपीआर, म्हणजे जमिनीत रेडिओलहरी सोडणारं यंत्र, मागवायच्या विचारात असशील तर राहू दे; त्या काळ्या चिकण मातीत लहरी फार खोल जात नाहीत.

आता ही कमान मोडते कधी, ते बघ. एक तर खालचं पाणी उतरतं आणि मातीचा आधार जातो, किंवा वरचं पाणी एका जागी शिरतं आणि माती धुऊन नेतं. दोन्ही एकामागोमाग झालं तर विचारायलाच नको. २०१५ च्या अखेरीस कडप्याजवळच्या चिंतकोम्मदिन्ने मंडलात शेतांमध्ये गोल खड्डे पडले, ते मोठ्या पावसानंतर. सगळे पावसाबद्दल बोलले. पावसाआधी विंधनविहिरींनी पाणी किती खाली नेलं होतं, हे विचारणारे थोडे.

जोहान्सबर्गच्या पश्चिमेचा डोलोमाइटचा, म्हणजे चुनखडीसारख्याच विरघळणाऱ्या खडकाचा, पट्टा मी प्रत्येक विद्यार्थ्याला वाचायला लावतो, तुलाही लावतोय. खाली सोन्याच्या खाणी, वर पाण्यानं भरलेला डोलोमाइट. खाणीत पाणी येऊ नये म्हणून वरच्या खडकातलं पाणी उपसून टाकायचं ठरलं. डाइकच्या भिंतींनी तिथे भूजलाचे वेगवेगळे कप्पे झालेले आहेत, ते एकेक करून रिकामे केले. झरे आटले, मग जमीन बसू लागली. १२ डिसेंबर १९६२ ला वेस्ट ड्रिफॉन्टेन खाणीवरचा अख्खा क्रशर प्लांट जमिनीत गेला आणि २९ माणसं गेली. १९६४ च्या ऑगस्टमध्ये जवळच्याच खाणवसाहतीत एक घर रात्री आतल्या पाच जणांसकट गेलं. त्या जागी पोकळ्या लाखो वर्षं होत्या. बदललं होतं फक्त पाणी. हे वाक्य मी वर्गात इतक्यांदा म्हटलंय की मुलं कंटाळत. तू कंटाळलीस तरी चालेल, विसरू नकोस.

फ्लोरिडात प्लांट सिटीला जानेवारी २०१० मध्ये अकरा दिवस कडाक्याची थंडी पडली. स्ट्रॉबेरी वाचवायला शेतकऱ्यांनी पाणी उपसून पिकावर फवारलं. भूजल सुमारे १८ मीटर उतरलं आणि सुमारे १४० खड्ड्यांच्या तक्रारी आल्या. त्या अकरा दिवसांत खडक विरघळला नव्हता.

आणि कुणी तुला चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसचं उदाहरण देईल. २०२२ च्या ऑगस्टमध्ये तिथे राहतं घर खाली गेलं, खरं आहे, पण त्याच्या पोटात जुनी कोळशाची खाण होती. खाणीचा नकाशा कुणीतरी काढलेला असतो, शोधला तर मिळतो. चुनखडीतल्या वाटांचा नकाशा कुणी काढलेला नसतो. तो तुला पाण्याच्या मागे जाऊन काढावा लागतो. दोन्हींना एकच उपाय लावू नकोस.

आता एक गोष्ट सांगतो, ती नीट ऐक, कारण याच जागी तुझ्यासारखी चांगली मुलं अडकतात. आपण "पाणी अडवा, पाणी जिरवा" ऐकत मोठे झालो. शोषखड्डा म्हणजे पुण्याचं काम, असं मनावर कोरलेलं आहे. बसाल्टवर ते बरोबरच आहे. पण चुनखडकावर दहा-पंधरा मीटर माती असेल आणि तू इमारतीला लागून शोषखड्डा खणलास, तर छपराचं सगळं पाणी एका बिंदूवर त्या कमानीच्या डोक्यावर ओतलंस. एका वसाहतीच्या कामात मी हेच लिहिलं होतं: शोषखड्डे इमारतींपासून लांब न्या, गटारं पक्की करा, पाण्याचे नळ लवचीक सांध्यांचे वापरा, विहिरींची पातळी दर महिन्याला लिहा. मालकांना ती पानं नको होती. ती काढून सही करा म्हणाले. मी केली नाही, काम गेलं, पुढची कामंही गेली. हेकट म्हणून नाव झालं. माझ्या घरच्यांनाही ते तेव्हा पटलं नाही. मला आजही पटतं. दक्षिण आफ्रिकेत डोलोमाइट जमिनीवरच्या बांधकामासाठी एसएएनएस १९३६ हे वेगळं मानक आहे आणि त्यात पाणी वाहून नेणाऱ्या नळांबाबत काटेकोर अटी आहेत. तिथल्या इंजिनिअरला जे नियमानं लिहावंच लागतं, ते लिहिलं म्हणून मी हेकट ठरलो! माझी खंत वेगळी आहे. त्या विहिरींच्या नोंदी माझ्यानंतर कुणी ठेवल्या नाहीत. आज तिथे जमीन बसली तर पाणी कधीपासून उतरत होतं, हे सांगणारा एक कागद नाही.

तेव्हा तुझं काम सांगतो. आधी त्या ड्रिलरकडे जा, वरिष्ठांच्या खोलीत नंतर. बोअर लॉग ऑफिसात सुबक होऊन येतो; ड्रिलरच्या वहीत खरं असतं. ड्रिलिंगचं पाणी वर परत येणं किती मीटरवर थांबलं? रॉड कुठे आपोआप खाली गेला? एसपीटीला, म्हणजे घणाच्या ठोक्यांनी मातीत नळी ठोकायच्या चाचणीत, ठोका न मारता नळी रुतली का? मातीच्या तळाशी, खडकाच्या माथ्यावर पाणी गायब झालं असेल, तर तुझा अहवाल तिथेच सुरू होतो. त्याला चहा पाज, घाई करू नकोस, तो सांगेल.

मग गावात फिर. जुन्या विहिरी, बंद पडलेल्या विंधनविहिरी, पावसाळ्यात पाणी "पितात" अशी शेतं. बायकांना विचार, त्यांना विहिरीचं पाणी कधी गढूळ येतं ते ठाऊक असतं, आणि गढूळ पाणी म्हणजे कुठली तरी माती वाहतेय. गरज पडली तर खड्ड्यात फ्लुरोसीन हा हिरवा रंग सोड आणि तो टिपायला खालच्या झऱ्यांत, विहिरींत कोळशाच्या पुड्या टांगून ठेव. पण आधी ग्रामपंचायतीला सांगून, नाहीतर हिरवं पाणी बघून लोक घाबरतील.

तो खड्डा मुरूम टाकून बुजवायला निघाले असतील तर थांबव. मुरूम पहिल्या पावसात त्याच भेगेतून जाईल. भेगेच्या तोंडापर्यंत खणायचं, तोंडावर मोठे धोंडे, त्यावर लहान दगड, मग खडी, मग वाळू, वर चिकणमातीचा थर, आणि आजूबाजूचं पाणी दुसरीकडे वळवायचं. शेवटचं केलं नाही तर बाकीचं वाया.

अहवालात "पोकळी आढळली नाही" हे वाक्य एकटं लिहू नकोस. लिही की दोन बोअरांत आढळली नाही, बोअरं कुठे घेतली, त्यांच्यामधल्या जागेबद्दल काय सांगता येत नाही, आणि पाणी कुठून कुठे जातंय. वरिष्ठ चिडतील. चिडू देत. शाळा आहे ती.

पुढच्या पत्रात मला रोधाची चित्रं पाठवू नकोस. शाळेच्या एक किलोमीटर परिसरातल्या सगळ्या विहिरींची पातळी, मोजल्याच्या तारखेसकट, आणि त्या महिन्याचा पाऊस पाठव. मग तिसऱ्या बोअरची जागा आपण दोघं मिळून ठरवू.